पीआरवर मशीनचे शेरे: दूध हिशोब प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, २ जून २०२५

आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी या तालुक्यांतल्या गावोगावच्या डेअरींत चालतं, हद्द ओलांडून चंदगड-गडहिंग्लजकडंही. टीम छोटी, टिळकवाडीत बसते. दर काढणं, बिल करणं, पावती छापणं हा गाभा आम्ही खुल्या रेपोत (कोडच्या सार्वजनिक साठ्यात) ठेवलाय. बेळगावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं तो फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) पीआर, म्हणजे पुल रिक्वेस्ट, कोडमध्ये सुचवलेला बदल, पाठवतात. परीक्षा संपल्या की पीआर एकदम वाढतात आणि सगळे येऊन सरांच्या नि माझ्या रिव्ह्यूपाशी अडकतात.

आज आम्ही दोघांनी गेल्या काही महिन्यांतल्या आमच्याच रिव्ह्यू कमेंट एका शीटमध्ये काढून ओळीनं वाचल्या. पैशांच्या हिशोबात राउंड (आकडा गोल करणारं फंक्शन) वापरू नका. नेटवर्क कॉलला टाइमआउट (उत्तरासाठी थांबायची मर्यादा) द्या. कन्नड मजकूर राहिलाय. एसएनएफच्या (दुधातल्या फॅट सोडून इतर घन पदार्थांच्या) सूत्रातले आकडे कोडमध्ये लिहू नका. हेच पुन्हा पुन्हा, आणि उरलेल्यांत निम्म्याहून जास्त जागा सोडण्याच्या, ओळ मोडण्याच्या. एका पीआरवर तर मी अशा कमेंटांची रांग लावलीय आणि शेवटी "बाकी ठीक" लिहून मोकळी झालेय. त्याच पीआरमध्ये नवा दरतक्ता मध्येच लागू झाला तर आधीच्या तारखेच्या दुरुस्त्यांना कुठला दर लावायचा, हा खरा प्रश्न होता. तो कुणीच विचारलेला नाही. बारीकसारीक लिहिण्यात लक्ष संपतं आणि महत्त्वाचं डोळ्यांखालून निघून जातं. मशीनला शेरे लिहायला लावायच्या या कामात मला पडायचं ते एवढ्यासाठी.

सर म्हणाले, "जे आपल्याला पाठ झालंय ते मशीनला लिहू दे. आपण दूधवाल्याच्या बाजूनं कोड वाचूया."

बुधवार, ४ जून

पहिला निर्णय सोपा होता. फॉरमॅटिंगवर कमेंट करायचीच नाही, ना माणसानं ना मशीननं. रफ (Ruff) नावाचा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन, लावला. तो कमिटच्या (बदल नोंदवण्याच्या) आधी मुलांच्या लॅपटॉपवरच फाईल सरळ करतो, आणि सीआयमध्ये (पीआर आल्यावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) फक्त तपासतो. मशीनला जे स्वतः दुरुस्त करता येतं त्यावर तिनं दुसऱ्याला उपदेश करू नये, असं माझं ठाम मत आहे.

सोमवार, ९ जून

आज पहिला खरा नियम लिहिला, सेमग्रेपमध्ये, म्हणजे कोडमध्ये ठराविक नमुने शोधणाऱ्या साधनात. नियम यामल या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असतात: कोडचा नमुना, भाषा, तीव्रता आणि दाखवायचा संदेश. नमुना कोडसारखाच लिहायचा असल्यामुळं मुलांनाही वाचता येतो, रेग्युलर एक्स्प्रेशनच्या जंगलात शिरावं लागत नाही.

नियम पैशांच्या राउंडचा. तो का हवा, हे नीट लिहून ठेवते. उद्या कुणी "एवढ्याशासाठी कशाला" म्हणेल तेव्हा दाखवता येईल.

साडेचार लिटर दूध, दर ४१.२५ रुपये. गुणाकार १८५.६२५, बरोब्बर अर्ध्या पैशावर. आमचा सर्व्हर पायथनमध्ये आहे. पायथनचं राउंड अर्ध्यावर आलं की जवळच्या सम अंकाकडं झुकतं, म्हणून उत्तर १८५.६२. मोबाइलवरचं पान जावास्क्रिप्टमध्ये. तिथलं मॅथ डॉट राउंड अर्धा वर ढकलतं, म्हणून १८५.६३. कागदाच्या पावतीवर एक आणि मोबाइलवर दुसरं. दोन्ही भाषा आपापल्या कागदपत्रांप्रमाणं बरोबर वागतात. भांडण लागतं ते डेअरीच्या खिडकीपाशी.

चाचणीच्या वेळी खानापूर भागातल्या एका डेअरीत हे डोळ्यांनी पाहिलंय. एक मावशी पावती आणि मुलाचा मोबाइल शेजारी शेजारी धरून उभ्या होत्या. सेक्रेटरी काका म्हणाले, "एक पैसा गं अक्का, काय होतंय त्यानं?" मावशी म्हणाल्या, "एक पैसा माझा गेला तर गेला, पण दोन्हीतलं खरं कुठलं ते सांगा की." दहा दिवसांच्या बिलात रोजच्या दोन वेळच्या ओळी असतात. बेरीज जुळली नाही तर माणसाचा विश्वास सगळ्याच बिलावरून उडतो, आणि तो उडणं रास्त आहे.

म्हणून नियम असा: बिल आणि दर या फोल्डरांत राउंडचा कॉल दिसला की शेरा. बाहेरच्या फोल्डरांत, तक्ते-आलेख काढताना, खुशाल वापरा.

गुरुवार, १२ जून

नियम बरोबर होता, संदेश अपुरा निघाला. हुक्केरीच्या एका विद्यार्थिनीनं शेरा वाचून राउंड काढला आणि डेसिमल (दशांश आकडा अचूक ठेवणारा प्रकार) वापरलं. उत्तर पुन्हा १८५.६२ च. तिनं कमेंटखालीच विचारलं, "ताई, सांगितलं तसं केलं, तरी फरक का पडत नाही?"

प्रश्न अगदी योग्य. पायथनच्या डेसिमलमध्येही क्वांटाइझ करताना (ठरलेल्या दशांश स्थळांपर्यंत आणताना) राउंडिंगची पद्धत सांगितली नाही तर मूळ पद्धत तीच, समाकडं झुकणारी. अर्धा वर न्यायचा असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. शिवाय डेसिमलला फ्लोट (नेहमीचा, किंचित अंदाजे साठवलेला दशांश आकडा) दिला तर फ्लोटमधली अशुद्धी जशीच्या तशी आत येते. ०.१ चा फ्लोट डेसिमलमध्ये घालून छापा, शेपटाला आकड्यांची रांग दिसेल. म्हणून आकडा मजकूर म्हणून द्यायचा.

संदेश नव्यानं लिहिला. आता त्यात क्रमानं येतं: काय दिसलं, त्यानं डेअरीत काय होतं (४.५ लिटरचं उदाहरण), आणि काय लिहायचं. शेवटच्या भागात रेपोतल्याच पैसे-गोल करणाऱ्या फंक्शनचं नाव. "हे टाळा" एवढंच सांगणारा शेरा मी यापुढं मंजूर करणार नाही. टाळून काय करायचं ते त्याच शेऱ्यात हवं.

भाषेवरही चर्चा झाली. पीआर पाठवणाऱ्यांत मराठी घरातले आहेत तसे कन्नड घरातलेही. संदेशाचं पहिलं वाक्य सोप्या इंग्रजीत, खाली मराठी आणि कन्नड दोन्हींत तेच स्पष्टीकरण, असं ठरलं. कन्नड मजकूर आमच्या गोकाकच्या सहकारी मॅडम लिहितात. मशीनकडून भाषांतर करून घ्यायला त्यांचा नकार आहे, आणि तो मला पटतो.

सोमवार, १६ जून

शेरे दाखवायचे कुठं? सगळ्यात सोपी वाट म्हणजे गिटहब ॲक्शन्सच्या (आपला रेपो जिथं आहे त्या गिटहबवर कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या) लॉगमध्ये ठराविक साच्यात इशारा छापणं, तो आपोआप फाईलच्या ओळीवर उमटतो. पण एका स्टेपमधून असे दहाच इशारे आणि दहाच एरर दिसतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्यांना उत्तर देता येत नाही. हुक्केरीच्या मुलीनं विचारलेला प्रश्न तिथं विचारताच आला नसता. म्हणून खऱ्या रिव्ह्यू कमेंटच हव्यात.

रिव्ह्यूडॉग या तयार साधनानं सुरुवात केली. कुठल्याही लिंटरचं (कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनाचं) आउटपुट घेतं, फक्त नव्या जोडलेल्या ओळी निवडतं आणि पीआरवर कमेंट टाकतं. जुन्या कोडमधल्या चुका नव्या मुलाच्या माथी मारायच्या नाहीत, हे त्यानं आयतं साधलं. मुलानं दोन ओळी बदलल्या आणि त्याला फाईलभर इतिहासाचे शेरे मिळाले, तर तो परत येत नाही.

पुढं मात्र आम्हाला प्रत्येक शेऱ्यात स्वतःची छुपी खूण हवी होती, म्हणून कमेंट टाकायचा भाग स्वतः लिहायला घेतला. त्यातल्या दोन गोष्टी नोंदवते. एकेक कमेंट सुटी पाठवली तर मुलाला तेवढ्या ईमेल जातात. सगळ्या एका रिव्ह्यूत बांधून पाठवल्या की एकच सूचना जाते. रिव्ह्यू पाठवताना तो "कमेंट" प्रकारचा आहे हे सांगायचं. प्रकार रिकामा सोडला तर रिव्ह्यू प्रलंबित राहतो आणि कुणालाच दिसत नाही. दुसरं, बांधलेल्या कमेंटांत एकही ओळ डिफच्या (पीआरमधल्या बदलांच्या यादीच्या) बाहेरची असली तर अख्खी विनंती ४२२ हा एरर घेऊन परत येते. म्हणून पाठवण्याआधी डिफ स्वतः वाचून ओळी गाळाव्या लागतात.

शुक्रवार, २० जून

सरांच्या ब्रँचवर (मूळ रेपोतल्याच शाखेवर) सगळं चालतं, मुलांच्या फोर्कवरून आलं की ४०३, म्हणजे परवानगी नाही. "रिसोर्स नॉट ॲक्सेसिबल बाय इंटिग्रेशन." कारण उघड आहे: फोर्कमधून आलेल्या पीआरसाठी ॲक्शन्स जो टोकन (कामापुरती किल्ली) देतं तो फक्त वाचण्यापुरता असतो, आणि रेपोतली गुपितंही त्याला मिळत नाहीत. अनोळखी माणसाचा कोड चालवताना हेच योग्य.

इंटरनेटवर जागोजागी सापडणारा उपाय म्हणजे पुल-रिक्वेस्ट-टार्गेट हा इव्हेंट. त्यात वर्कफ्लो (ॲक्शन्सनं चालवायच्या कामांचा क्रम) मूळ रेपोच्या अधिकारानं चालतो, टोकन लिहिणारा असतो. पण त्याच वर्कफ्लोत पीआरचा कोड चेकआउट करून पॅकेजेस बसवली किंवा टेस्ट चालवल्या, की अनोळखी कोडच्या हातात आपला टोकन गेला. सेटअप फाईलमध्ये कुणी काय लिहिलंय हे बसवण्याआधी कुठं कळतं? हा मार्ग आम्ही घेणार नाही.

हे अति सावधपणाचं नाही. याच वर्षी मार्चमध्ये रिव्ह्यूडॉगची एक सेटअप ॲक्शन (वर्कफ्लोत वापरायचा तयार तुकडा) आणि टीजे-ॲक्शन्सची चेंज्ड-फाइल्स ही ॲक्शन, दोन्हींचे टॅग (आवृत्त्यांना दिलेली नावं) हल्लेखोरांनी आपल्या कमिटकडं वळवले होते. चालणाऱ्या जॉबमधली गुपितं लॉगमध्ये छापली जात होती, आणि चेंज्ड-फाइल्स २३ हजारांहून जास्त रेपो वापरत होते. टॅग कुठल्याही क्षणी दुसऱ्या कमिटकडं वळवता येतो. आज आमच्या सगळ्या वर्कफ्लोंत बाहेरच्या ॲक्शनपुढं टॅगऐवजी पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅश (त्या कमिटची न बदलणारी ओळख) घातला. दिसायला कुरूप, पण राहू दे.

मंगळवार, २४ जून

दोन वर्कफ्लोंची रचना उभी राहिली.

पहिला साध्या पुल-रिक्वेस्ट इव्हेंटवर चालतो, वाचण्याच्या टोकननं. सेमग्रेप चालवतो आणि सापडलेलं एका फाईलमध्ये लिहून आर्टिफॅक्ट (पुढच्या कामासाठी मागं ठेवलेली फाईल) म्हणून ठेवतो. तिथं लिहिण्याचा अधिकार कुणालाच नाही, म्हणून पीआरमध्ये काहीही असलं तरी धोका नाही. दुसरा वर्कफ्लो-रन या इव्हेंटवर, पहिला संपल्यावर सुरू होतो. तो नेहमी मुख्य ब्रँचवरची आमचीच फाईल चालवतो. त्याला पीआरवर लिहिण्याचा आणि आर्टिफॅक्ट उतरवण्यापुरता ॲक्शन्स वाचण्याचा अधिकार, बाकी काही नाही. पीआरमधला कोड तो कधीच चालवत नाही.

आर्टिफॅक्ट मात्र अनोळखी माणसाच्या जॉबमधून येतो, तेव्हा त्यावरही विश्वास ठेवायचा नाही. फोर्कच्या पीआरसाठी या इव्हेंटमधली पीआरची यादी रिकामी येते, म्हणून पीआर नंबर आर्टिफॅक्टमधूनच आणावा लागतो. तो नंबर खरंच अंकांचाच आहे ना, आणि त्या पीआरचा शेवटचा कमिट इव्हेंटमधल्या कमिटशी जुळतो ना, हे तपासूनच पुढं जायचं. नाहीतर कुणीही आपल्या पीआरमधून दुसऱ्याच्या पीआरवर आमच्या नावानं कमेंट टाकवू शकेल.

सगळ्यात समाधान देणारा निर्णय सरांचा. आर्टिफॅक्टमध्ये शेऱ्याचा मजकूर ठेवायचाच नाही. नियमाचा क्रमांक, फाईलचा मार्ग, ओळ, एवढंच. मजकूर दुसरा वर्कफ्लो मुख्य ब्रँचवरच्या नियमांच्या फाईलमधून घेतो. आमच्या बॉटच्या तोंडी कुणालाही आपले शब्द घालता येत नाहीत. मराठीत, कन्नडमध्ये, जे मॅडमनी लिहिलं तेच जाणार.

पहिल्यांदाच पीआर पाठवणाऱ्याचा वर्कफ्लो आमच्यापैकी कुणीतरी मंजूर केल्याशिवाय चालत नाही. ते आम्ही तसंच ठेवलंय. नव्या मुलाचा कोड एकदा तरी माणसानं उघडून पाहायला हवा.

सोमवार, ३० जून

प्रत्येक पुशनंतर (पीआरमध्ये नवा कोड पाठवल्यावर) तेच शेरे पुन्हा. एका पीआरवर राउंडचा एकच शेरा चारदा दिसत होता, आणि मुलगा बिचारा प्रत्येकाला "करतोय" लिहीत होता.

आता प्रत्येक शेऱ्यात एचटीएमएल कॉमेंटच्या आत खूण असते: नियमाचा क्रमांक, फाईल आणि त्या ओळीच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा). ओळीचा नंबर खुणेत घ्यायचा नाही, कारण वर एक ओळ वाढली की सगळे नंबर सरकतात. एकसारख्या दोन ओळी एकाच फाईलमध्ये असतील तर कितवी, तेही धरायचं. टाकण्याआधी पीआरवरच्या जुन्या कमेंट वाचायच्या, खूण सापडली की गप्प बसायचं. गिटहब एका पानाला तीसच कमेंट देतं, मागितल्या तर शंभर. पुढची पानं वाचली नाहीत तर मोठ्या पीआरवर दुहेरी शेरे पुन्हा सुरू होतात.

पाठोपाठ पुश आले तर आधीचा जॉब रद्द करायलाही सांगितलं.

सोमवार, ७ जुलै

पाऊस जोरात आहे. जांबोटी, कणकुंबीकडच्या डेअरींत वीज नि नेट दोन्ही येऊन-जाऊन. तिथल्या एका सेक्रेटरींचा सकाळी फोन आला. "मघापास्नं नुसतं फिरतंयच की हे, सकाळच्या पावत्या गेल्या का नाही कळंना."

नेटवर्क कॉल करणाऱ्या पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत टाइमआउट सांगितला नाही तर तो नसतोच. समोरून उत्तर आलं नाही तर कॉल अडकून राहतो आणि मागच्या पावत्या रांगेत. यावरचा नियम आज चालू केला: रिक्वेस्ट्सचा कुठलाही कॉल, ज्यात टाइमआउट नाही. सेमग्रेपमध्ये हा नमुना आणि "हा नमुना नको" असे दोन्ही एकत्र लिहिता येतात, त्यामुळं टाइमआउट दिलेले कॉल आपोआप सुटतात.

संदेशात एक वाक्य मुद्दाम घातलंय. हा आकडा म्हणजे पूर्ण कामाची मुदत धरू नये. जोडणी व्हायला किती थांबायचं आणि सर्व्हरकडून पुढचे बाइट यायला किती थांबायचं, असे ते दोन वेगळे आकडे आहेत आणि ते जोडीनं देता येतात. कणकुंबीसारख्या ठिकाणी जोडणीला थोडा जास्त वेळ द्यावा. किती, हे मशीन ठरवणार नाही. ते आम्ही डेअरीत बसून ठरवलंय.

हा नियम आणि राउंडचा, दोन्ही आता मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये घेणं) अडवतात. बाकीचे फक्त सांगतात.

बुधवार, १६ जुलै

कन्नड मजकुराचा नियम. हा माझ्या मनात पहिल्या दिवसापासून आहे.

आमचा मूळ मजकूर मराठीत आणि भाषांतर गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या पीओ फाईलमध्ये. मराठी मजकुरात एखादं अक्षर जरी बदललं, तरी फाईल पुन्हा जुळवताना गेटटेक्स्ट जुन्या कन्नड ओळीवर "फझी" अशी खूण करतं, म्हणजे कुणीतरी बघा. आणि फझी ओळी अंतिम फाईलमध्ये घेतल्याच जात नाहीत. भाषांतर नसलं की गेटटेक्स्ट मूळ मजकूर दाखवतं. कुठं एरर नाही, कुठं लाल रंग नाही. अथणीच्या शेतकऱ्याच्या कन्नड पावतीवर अचानक एक मराठी ओळ उमटते. मराठीत एक स्वल्पविराम नीट केल्यामुळं.

ज्याला पावती वाचता येत नाही, त्याला आकडाही पटत नाही. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. निपाणीच्या शेतकऱ्याला कन्नड ओळ आली असती तर मी जेवढी चिडले असते, तेवढीच अथणीच्या पावतीवरून चिडते.

म्हणून पीआरमध्ये पीओ फाईल बदलली असेल किंवा बदलायला हवी होती, तर तपासणी चालते आणि फझी किंवा रिकामी ओळ थेट तिथं शेरा घेऊन येते. कन्नड शब्द बरोबर आहे का, हे मात्र मशीनला विचारायचंच नाही. कोडओनर्स फाईलमध्ये (कुठला भाग कुणी तपासायचा याच्या यादीत) कन्नड फोल्डरपुढं मॅडमचं नाव घातलं. त्या फोल्डरला हात लागला की त्यांच्याकडं रिव्ह्यूची विनंती आपोआप जाते. आज त्यांनी एका मुलाचं भाषांतर परत पाठवलं. व्याकरण बिनचूक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की "आमच्या गोकाकच्या डेअरीत असं कोणी बोलत नाही."

मंगळवार, २२ जुलै

टीममधल्या एकानं विचारलं की एवढे नियम हातानं लिहिण्यापेक्षा एखाद्या एआय मॉडेललाच पीआर देऊया. बैठकीत नीट बोललो. हातातल्या नियमांच्या जागी मॉडेल आणायला माझा विरोध आहे. तोच कोड दोनदा दिला तर दोन वेगळे शेरे येऊ शकतात, आणि जो शेरा मर्ज अडवतो तो दरवेळी तोच असायला हवा. पीआरमधला मजकूर अनोळखी माणसाचा असतो, त्यात मॉडेललाच उद्देशून सूचना लिहून ठेवता येतात. मॉडेलची किल्ली गुपितांत ठेवावी लागेल आणि ती फोर्कच्या जॉबला मिळत नाही, म्हणजे पुन्हा २० जूनचाच प्रश्न. मोठ्या पीआरचा सारांश आम्हा दोघांना आमच्या मशीनवर काढून पाहायला माझी हरकत नाही. पीआरवर त्यानं काही लिहायचं नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

आज साफसफाई.

एसएनएफचा नियम काढून टाकला. लॅक्टोमीटरचं रीडिंग आणि फॅट यांवरून एसएनएफ काढायच्या सूत्रातले स्थिरांक सगळीकडं एकच नसतात, म्हणून ते सेटिंगमध्ये हवेत, हे खरं. पण नियम दशांश आकडा दिसला की ओरडायचा. टेस्टमधल्या आकड्यांवर, पावतीच्या मार्जिनवर, कुठंही. मुलं शेऱ्यांकडं दुर्लक्ष करायला शिकली तर राउंडच्या शेऱ्याकडंही करतील. त्याऐवजी सूत्राचं फंक्शनच असं बदललं की स्थिरांक दिल्याशिवाय ते चालतच नाही. आता शेऱ्याची गरज उरली नाही.

नावांच्या शोधाचंही तसंच. "ऱ्ह" असलेली आडनावं काही कीबोर्डवरून एका अक्षरानं येतात (युनिकोडमध्ये ०९३१), काहींवरून र आणि नुक्ता अशा जोडीनं. पडद्यावर दोन्ही सारखी, तुलनेत वेगळी, आणि सभासद सापडत नाही. कन्नडमध्ये ओकाराच्या चिन्हाचा हाच प्रकार. प्रत्येक तुलनेवर शेरा टाकण्यापेक्षा नाव साठवतानाच एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या एकाच रूपात आणायचं ठरवलं. कोडनंच चूक अशक्य केली तर शेऱ्यापेक्षा ते कधीही चांगलं.

जिथं नियमाला खरंच अपवाद हवा तिथं सेमग्रेपची गप्प करणारी टीप चालेल, पण तिच्यात नेमक्या नियमाचं नाव आणि पुढं कारण हवं. कारण नसेल तर माणूस विचारेल. मायकल फेगन यांनी आयबीएममध्ये कोड तपासणीची शिस्त घालून दिली आणि १९७६ साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या पद्धतीत नेहमी सापडणाऱ्या चुकांची यादी हातात घेऊनच बसत. स्टीफन जॉन्सन यांचं लिंट बेल लॅब्जमधून त्यानंतर दोनेक वर्षांत आलं. यादी मशीनकडं देण्याचं काम तेव्हापासून चालू आहे. आमची यादी दुधाची आहे, एवढाच फरक.

मंगळवार, १९ ऑगस्ट

निपाणीच्या एका विद्यार्थ्याचा पीआर आला, आणि तो चक्क नवा नियम घेऊन.

त्याचं म्हणणं असं. आमचा सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो. भारताची वेळ साडेपाच तास पुढं. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी घातलेलं दूध यूटीसीत आदल्या तारखेचं होतं. कोडमध्ये कुणी वेळ घेताना टाइमझोन सांगितला नाही, तर सकाळची पहिली पावती कालच्या खात्यावर चढेल, आणि बिलाच्या पहिल्या दिवशी ती थेट आधीच्या दहा दिवसांत जाईल. म्हणून टाइमझोनशिवाय आत्ताची वेळ घेणाऱ्या प्रत्येक ओळीवर शेरा. शेऱ्यात काय करायचं तेही लिहिलंय: पायथनच्या झोनइन्फोमधून आशिया/कोलकाता. नियमासोबत टेस्ट फाईल, कुठल्या ओळीवर शेरा यायलाच हवा आणि कुठल्यावर येता कामा नये याच्या खुणांसकट. कन्नड संदेशाची जागा रिकामी ठेवून त्यानं मॅडमना टॅग केलंय.

मशीननं त्याच्या पीआरवर काहीच लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. मला मात्र निवांत वाचायला वेळ मिळाला, आणि मी एकच कमेंट टाकली: "डेअरीतलं यंत्र ऑफलाइन असताना वेळ त्याच्याच घड्याळातून येते. वीज जाऊन ते घड्याळ मागं पडलं असेल तर?"

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. "ताई, हे डोक्यातच आलं नाही. शनिवारी गावच्या डेअरीत जाऊन सेक्रेटरींना विचारतो, वीज गेल्यावर घड्याळ कोण लावतं ते. तोवर मर्ज करू नका."

पीआर उघडा ठेवलाय.